मंदीत घर चालवायचं कसं: पगार कमी, हप्ते तेवढेच, मग आधी कुणाला द्यायचं?

चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज इकडे ज्यांच्या घरातलं कुणी कंपनीत आहे त्यांना मंदी पेपरातून कळत नाही. आधी ओटी (ओव्हरटाइम) बंद होते, मग महिन्यात दोन-तीन दिवस ब्लॉक क्लोजर (काम नाही म्हणून कंपनी बंद) लागतो, मग कॉन्ट्रॅक्टवाले घरी जातात आणि मग पर्मनंटवाले कॅन्टीनमध्ये हळू आवाजात बोलायला लागतात. आयटीवाल्यांचं थोडं वेगळं, तिथे बेंच (प्रोजेक्ट नाही, नुसतं बसून राहणं) असतो आणि एक दिवस एचआरचं मीटिंग इन्व्हाइट येतं. २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा हे झालं, २०१९ ला गाड्यांचा खप पडला तेव्हा झालं, २०२० ला तर सगळ्यांनीच बघितलं. प्रत्येक वेळी घरातला प्रश्न एकच, पैसे कमी आलेत आणि मागणारे तेवढेच आहेत, तर आधी कुणाला द्यायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चांगल्या दिवसात सल्ला असतो की जास्तीचे पैसे आले की कर्जात भरा, आणि तो बरोबर आहे. पण मंदीची चाहूल लागली की हा सल्ला उलटा करायचा. कर्ज लवकर फेडायची घाई बंद, आणि हातातली रोकड किती महिने पुरेल ते वाढवायचं काम सुरू. बँकेत एकदा भरलेले पैसे नोकरी गेल्यावर बँक परत देत नाही, आणि नोकरी नसताना नवीन कर्ज तर सहजासहजी देत नाही.

पायरी १ : सगळं एका वहीत, खोटं न लिहिता

मोबाईल अ‍ॅप वगैरे नको, साधी वही घ्या आणि घरातल्या सगळ्या कमावत्या माणसांना एकत्र बसवा. प्रत्येक कर्जापुढे चार गोष्टी लिहायच्या: बाकी किती, हप्ता किती, व्याज किती टक्के आणि नाही भरलं तर ते काय घेऊन जाऊ शकतात. हा चौथा रकाना बहुतेक लोक लिहीतच नाहीत आणि खरा उपयोग त्याचाच होतो, तिसऱ्या पायरीत कळेल.

बँकांची कर्जं लक्षात असतात, राहून जातं ते बाकीचं. भिशी उचलून झाली असेल तर ते कर्जच आहे, राहिलेले महिने भरायचेच आहेत. मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, किराणावाल्याची उधारी, शाळेची राहिलेली टर्म फी, सोसायटीचा मेंटेनन्स, फोनवर घेतलेलं बाय नाऊ पे लेटर, सोनाराकडचं गहाण, सगळं लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही कुणाला जामीन राहिलाय का. आपल्याकडे गावच्या पतसंस्थेत चुलतभावाला किंवा मित्राला जामीन राहणं म्हणजे नुसती सही असं समजतात, पण मंदीत त्याचाही धंदा बसलेला असतो आणि पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला की ती जामीनदाराच्या पगारापर्यंत पोचते. त्याला आजच फोन करून हप्ते चालू आहेत का ते विचारा, वाईट वाटलं तर वाटू दे.

क्रेडिट रिपोर्टही काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. त्यात विसरलेलं एखादं कार्ड, बंद केलं असं वाटणारं पण चालू असलेलं कर्ज, किंवा तुम्ही न घेतलेलं कर्ज पण सापडतं. घरात कुणी लपवून काही घेतलं असेल तर तेही यात दिसतं, त्यामुळे रिपोर्ट काढण्याआधीच सगळ्यांनी तोंडाने सांगून टाकलेलं बरं. आणि सांगितल्यावर भांडण नको, निदान त्या दिवशी तरी.

पायरी २ : किती महिने निघतील ते काढा

आता एक हिशोब करून दाखवतो. समजा एक घर आहे, आधी महिन्याला ७२ हजार यायचे, ओटी बंद झाली आणि बायकोच्या शिवणकामाच्या ऑर्डरी कमी झाल्या म्हणून आता ४६ हजार येतात. घराचं कर्ज १९ लाख बाकी, ८.५ टक्के, १५ वर्षं राहिलीत, हप्ता १८,७०० च्या आसपास. पर्सनल लोनचा हप्ता ७,०००. दुसऱ्या बाईकचा ४,२००. पतसंस्थेचा ३,५००. क्रेडिट कार्डवर ८० हजार थकलेत आणि त्याचं मिनिमम ड्यू (महिन्याला निदान भरावीच लागते ती रक्कम) ४,००० भरतात. किराणा, दूध, सिलिंडर, लाईट, शाळा, औषधं मिळून अगदी आवळून २२ हजार. एकूण झाले ५९,४००, म्हणजे दर महिन्याला १३,४०० कमी पडतात. शिल्लक बघितली तर एफडीत १ लाख ४० हजार, सेव्हिंगला ६० हजार आणि घरात थोडं सोनं.

काहीच केलं नाही तर २ लाख भागिले १३,४००, साधारण १५ महिने. आणि ओटीबरोबर नोकरी पण गेली आणि एक रुपया पण येत नाही असं धरलं तर सव्वातीन महिने. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

आता बघा काय होतं. घाबरून किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून एफडी मोडून १ लाख ४० हजार घराच्या कर्जात भरले, तर हप्ता तोच राहतो (बँक मुदत कमी करते, हप्ता नाही, सांगितलं नाही तर), महिन्याची तूट तीच १३,४००, आणि हातात फक्त ६० हजार. साडेचार महिने! कर्ज कमी झालं, मन हलकं झालं आणि दिवाळीच्या आत घर अडचणीत.

याच घराने दुसरं काय करायचं ते पुढे येतं, आकडे लक्षात ठेवा.

जाता जाता एक, ही रोकड ठेवायची कुठे. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेची ठेव विमा कंपनी) विमा असतो, एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत, ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे, आधी १ लाखच होती. सहकारी बँकाही यात येतात. पण पतसंस्था येत नाहीत, आणि हे आपल्याकडे निम्म्या लोकांना माहीत नसतं कारण बोर्ड बँकेसारखाच असतो आणि व्याज एक-दीड टक्का जास्त असतं. सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि ती तर विमा असलेली बँक होती. विमा म्हणजे पैसे कधीतरी मिळतील, उद्या सकाळी मिळतील असं नाही. म्हणून तीन-चार महिन्यांचा खर्च दोन वेगळ्या बँकांत ठेवा, त्यातली एक मोठी असू दे.

आणि किराणा-औषधाचे पैसे शक्यतो त्या बँकेत नको जिथे कर्ज आहे. हप्ता थकला तर बँक त्याच बँकेतल्या तुमच्या खात्यातून वळते करून घेऊ शकते किंवा खात्यावर लीन टाकते (तेवढे पैसे अडकवून ठेवते), आणि ते तुम्हाला दुधाचं बिल ऑनलाइन भरताना कळतं.

पायरी ३ : आधी कुणाला द्यायचं

आता तो चौथा रकाना. सगळ्यात जास्त फोन करणारा माणूस सगळ्यात महत्त्वाचा असतो असं आपल्याला वाटतं, आणि बहुतेक वेळा ते चूक असतं. क्रेडिट कार्डवाले आणि पर्सनल लोनवाले दिवसाला दहा फोन करतात कारण त्यांच्याकडे घ्यायला काहीच तारण नसतं. घराचं कर्ज देणारी बँक शांत असते कारण घर तिच्याकडे गहाण आहे.

माझा क्रम असा आहे. पहिलं खाणं, औषधं, लाईट, भाडं, आणि कामावर जायला लागणारं पेट्रोल किंवा पास. मग विमा (त्यावर पुढे बोलू). मग ज्याच्यात राहता ते घर आणि ज्याच्यावर कमावता ते वाहन किंवा मशीन, म्हणजे रिक्षा, टेम्पो, शिलाई मशीन. मग ज्या कर्जाला दुसरा माणूस जामीन आहे ते, कारण तिथे तुमच्यामुळे त्याचा पगार अडकतो आणि नातं जातं ते वेगळंच. मग पर्सनल लोन. क्रेडिट कार्ड शेवटी, पण कार्डाला शेवटी ठेवायचं म्हणजे तसंच सोडून द्यायचं असं नाही, ते वेगळ्या मार्गाने संपवायचं, कारण त्याचं व्याज बघा.

कार्डावर १ लाख थकलेत, व्याज महिन्याला ३.५ टक्के म्हणजे ३,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०, झाले ४,१३०. तुम्ही मिनिमम ड्यू ५ टक्के म्हणून ५,००० भरले. मुद्दल कमी झालं ८७० रुपये. बरं, बाकी थकीत असताना त्याच कार्डावर नवीन काही घेतलं तर त्याला ते ४०-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून मीटर चालू. तेव्हा थकलेलं कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवा, आणि शॉपिंगच्या अ‍ॅपमध्ये सेव्ह केलेलं आहे तिथूनही काढा.

पायरी ४ : महागडं कर्ज स्वस्तात बदला, पण एकदाच

कार्डाचं ४० टक्क्यांच्या वरचं व्याज आणि बँकेतल्या सोनेतारण कर्जाचं ९-१० टक्के, यात फरक किती आहे ते सांगायला नको. वरच्या घराने सोनं ठेवून ८० हजार उचलले आणि कार्ड एका फटक्यात शून्य केलं तर महिन्याचे ४,००० जाऊन साधारण ६५० रुपये व्याज राहतं. एफडी असेल तर ती न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (लागेल तेवढंच उचलायचं कर्ज) मिळतो, एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त. एलआयसीची जुनी पॉलिसी असेल तर सरेंडर व्हॅल्यूवर कर्ज मिळतं, आणि पीपीएफवर तिसऱ्या ते सहाव्या वर्षात मिळतं. यातलं काहीच नसेल तर कार्डवाल्यालाच फोन करून थकलेल्या रकमेचे ईएमआय पाडून मागा, १५-१८ टक्क्यांत होतात, तरी निम्म्याहून कमी झालं.

सोन्याबद्दल जरा थांबतो कारण इथे घरात रडारड होते. गहाण ठेवायचं की मोडायचं? माझं मत, पुढच्या दहा-बारा महिन्यांत सोडवून आणायचे पैसे कुठून येणार हे बोट ठेवून दाखवता येत असेल तरच गहाण ठेवा. नाहीतर मोडा. मोडायची लाज वाटते म्हणून लोक गहाण ठेवतात, वर्षभर व्याज भरतात, मग व्याज भरणंही थांबतं आणि शेवटी लिलाव होतो, म्हणजे सोनं तर गेलंच आणि वर व्याज पण गेलं. मोडायचं झालं तर आधी नाणी-वळी, मग न वापरलेले दागिने, बायकोच्या माहेरचं तिला विचारल्याशिवाय नाही. दोन-तीन दुकानांत घट किती धरतात ते विचारा आणि पैसे खात्यात घ्या.

"पण एकदाच" असं का म्हटलं, तर कार्ड शून्य झालं की चार महिन्यांनी ते परत भरतं, आता कार्ड पण आणि सोनेतारण पण. कार्ड शून्य केल्यावर लिमिट कमी करून घ्या, कस्टमर केअरला सांगितलं की करतात.

इन्स्टंट लोनची अ‍ॅप्स, यांच्यापासून लांब. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डिजिटल कर्ज कुठल्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेली पण कर्ज देणारी नोंदणीकृत कंपनी) आहे ते सांगावंच लागतं, पैसे थेट तुमच्या खात्यात यावे लागतात, सगळे चार्जेस धरून वार्षिक दर किती पडतो ते दाखवणारं पत्रक आधी द्यावं लागतं, आणि ठरलेल्या मुदतीत मन बदललं तर दंड न देता मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन परत करता येतं. जे अ‍ॅप हे काही न दाखवता फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो मागतं ते कर्ज नाही, सापळा आहे.

सावकाराचं पण तेच. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ चा आहे, परवाना लागतो, व्याजाला मर्यादा आहे आणि पावती द्यावी लागते. "शेकडा १० रुपये महिना" म्हणजे वर्षाला १२० टक्के, हे परवानेवाला घेऊच शकत नाही. आधीच अडकला असाल आणि जमीन-घर लिहून दिलं असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, बेकायदा सावकारीत गेलेली मालमत्ता परत मिळायची तरतूद त्याच कायद्यात आहे.

पायरी ५ : हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि सगळ्यात कमी लोक हे करतात. हप्ता बाउन्स झाल्यावर तुम्ही थकबाकीदार, आणि बाउन्स व्हायच्या आधी गेलात तर तुम्ही चांगलं रेकॉर्ड असलेलं गिऱ्हाईक. माणूस तोच, फरक दहा दिवसांचा. पगार कपातीचं पत्र किंवा शेवटच्या तीन स्लिपा, वहीतला हिशोब एका कागदावर, आणि अर्ज दोन प्रतीत. एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायचीच, "मी बघतो साहेबांशी बोलून" यावर उठायचं नाही.

मागायचं काय? पहिलं व्याजाचा दर. मंदीत रिझर्व्ह बँक रेपो (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) सहसा कमी करते, २०२० च्या मे मध्ये तो ४ टक्क्यांवर आला होता, २०२५ मध्येही ६.५ वरून ५.२५ पर्यंत खाली आला. बँकांची ऑक्टोबर २०१९ नंतरची फ्लोटिंग घरकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली आहेत, ती आपोआप उतरतात. पण तुमचं कर्ज त्याआधीचं असेल, एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेच्या स्वतःच्या जुन्या दरांवर असेल, तर ते सावकाश उतरतं, कधी उतरतच नाही. थोडी फी भरून रेपोवर बदलून मिळतं. हाउसिंग फायनान्स कंपनीकडे असेल तर त्यांचा स्वतःचा दर असतो, तिथे "नवीन गिऱ्हाईकाला काय दर देताय" एवढंच विचारा आणि तो मागा. नाही दिला तर दुसरीकडे ट्रान्सफर, फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक घरकर्जाला मुदतीआधी बंद करायचा दंड नाही.

आणि दर उतरला तर बँक स्वतःहून हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करते. चांगल्या दिवसात ते छान आहे, आत्ता मात्र लेखी सांगा की हप्ता कमी करा.

दुसरं, मुदत वाढवून. वरच्या घराचे १५ वर्षांचे २० करून घेतले तर हप्ता १८,७०० चा १६,५०० होतो, २,२०० सुटले. वय आड येतं, कर्ज साधारण निवृत्तीच्या वयाच्या आत बसवतात, म्हणून पन्नाशीतल्याला हे कमी मिळतं, मुलगा-मुलगी कमावती असेल तर सहकर्जदार म्हणून घेतात. एक विचारून घ्यायचं, ही मुदतवाढ रिपोर्टमध्ये "रिस्ट्रक्चर्ड" म्हणून जाणार का, कारण तसा शिक्का बसला की पुढची काही वर्षं नवीन कर्ज अवघड होतं. जीव वाचत असेल तर शिक्का परवडला, पण माहीत असू दे.

तिसरं, काही महिने हप्ता पुढे ढकलणं, मोरॅटोरियम. २०२० ला मार्च ते ऑगस्ट सहा महिने मिळालं होतं तेव्हा कितीतरी लोकांना ते माफीच वाटलं. माफी नव्हती, व्याज चढतच होतं. गणित बघा: ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं बाकी, हप्ता २६ हजारांच्या आसपास. सहा हप्ते नाही भरले तर चढलेलं व्याज मुद्दलात जाऊन, तोच हप्ता ठेवला तर २४० च्या ऐवजी २७० हप्ते भरावे लागतात. सहा चुकवले, तीस वाढले! पण तेच कर्ज उतरत आलेलं असेल, ५ लाख बाकी आणि चार वर्षं राहिलीत, तर सहा महिन्यांच्या सवलतीने जेमतेम अडीच हप्ते वाढतात. म्हणजे दोन कर्जांपैकी एकावर सवलत घ्यायची असेल तर जुनं, संपत आलेलं कर्ज निवडा. आणि जमलं तर पूर्ण हप्ता न भरता निदान व्याजापुरते पैसे भरायची सोय मागा, मुद्दल फुगत नाही.

आता त्या घराचा हिशोब पूर्ण करू. कार्ड सोन्यावर नेलं, ३,३५० वाचले. घराची मुदत वाढवली, २,२००. दुसरी बाईक विकून तिचं कर्ज मिटवलं, ४,२००. एकूण ९,७५०, तूट १३,४०० वरून ३,६५० वर आली. एफडी आणि सेव्हिंगला हात लावलेला नाही, तेच २ लाख आता पंधरा महिन्यांच्या जागी साडेचार वर्षं पुरतात. कर्ज एकूणात किती कमी झालं? बाईकचं सोडलं तर फार नाही. आणि तरी घर अडचणीतून सुटलं.

पायरी ६ : खर्च

यावर सगळीकडे इतकं लिहिलेलं असतं की मी थोडक्यात उरकतो. चहा-बिस्कीट बंद करून काही होत नाही, घरात नुसती चिडचिड वाढते. मोठे चार-पाच खर्च बघा: दुसरं वाहन, क्लासेस, भाडं, लग्नाकार्यातला आहेर आणि आधीच सही करून ठेवलेली टूर. ओटीटी आणि जिमचे ऑटो-पे यूपीआय अ‍ॅपमध्ये मँडेट म्हणून दिसतात, तिथून बंद करा. शाळेत फीचे हप्ते मागा, वीजबिल फार चढलं असेल तर महावितरणच्या ऑफिसात हप्ते पाडून मागता येतात. एसआयपी थांबवली तरी चालते, पॉज करायची सोय असते, पण आधीचे युनिट्स बाजार पडलेला असताना विकू नका, ते सगळ्यात शेवटी.

घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा की यंदा गणपती साधे. मुलांनाही सांगा, आठवी-नववीतल्या पोराला सगळं कळत असतं, आपणच लपवत बसतो.

पायरी ७ : विमा तुटू देऊ नका

नोकरी गेली की कंपनीचा मेडिक्लेम पण जातो, बहुतेक वेळा शेवटच्या दिवसालाच. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, वेळेत अर्ज केला तर आधीचा वेटिंग पीरियड (काही आजारांना विमा लागू होईपर्यंत थांबायचा काळ) धरतात. म्हणून नोटीस पीरियडमध्येच हे करा, घरी बसल्यावर नाही. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या प्रीमियमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून नाही, तेवढं तरी हलकं झालंय. टर्म प्लॅनचा हप्ता चुकला तर मासिकला १५ आणि बाकीच्यांना ३० दिवसांचा ग्रेस असतो. टर्म प्लॅन चालू ठेवाच, कर्ज असताना तर नक्कीच. बचतवाली जुनी पॉलिसी जड होत असेल तर सरेंडर करण्याआधी पेड-अप (पुढचे हप्ते बंद, कमी रकमेची पॉलिसी चालू) करता येते का ते विचारा.

रेशनकार्ड सापडून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार यादीतल्या हॉस्पिटलात मोफत आहेत आणि ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू आहे. मोठ्या सोसायटीत राहणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

पायरी ८ : नोकरी गेलीच तर

राजीनामा लिहून द्या असं म्हणतील, लगेच सही करू नका. राजीनामा आणि कंपनीने केलेली नोकरकपात यात हक्काचे पैसे बदलतात. कामगार म्हणून मोडत असाल तर कपातीत पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई असते, पर्मनंटला पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, शिल्लक रजांचे पैसे, नोटीसचा पगार. एक दिवस मागून घ्या आणि जाणत्या माणसाला कागद दाखवा. ईएसआयसीत (कामगार राज्य विमा) असाल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ५० टक्के मिळतात, आयुष्यात एकदाच. तिची मुदत वेळोवेळी वाढवलेली आहे, म्हणून शाखेत जाऊन सध्या चालू आहे ना ते बघा.

पीएफ काढता येतो पण तो पहिला नाही, शेवटून दुसरा. सलग पाच वर्षं झाली नसतील तर त्यावर कर लागू शकतो, ८ टक्क्यांच्या वर व्याज देणाऱ्या सुरक्षित जागा फार थोड्या आहेत, आणि कर्जवसुलीसाठी पीएफवर जप्ती येत नाही. पीएफ काढून क्रेडिट कार्ड फेडणं म्हणजे ज्या पैशाला कुणी हात लावू शकत नव्हतं तो आपणच काढून दिला. खाण्याचे वांदे झाले तर काढा, जरूर काढा.

पायरी ९ : हप्ते थकलेच असतील तर

९० दिवस थकलं की खातं एनपीए (बुडीत जाण्याच्या वाटेवरचं कर्ज) होतं. त्याच्या आत एक-दोन हप्ते भरून मागे आणता आलं तर आणा, ही ९० दिवसांची रेघ महत्त्वाची आहे. घरकर्जात एनपीएनंतर सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते, त्यानंतर ताबा. ही नोटीस फाडून टाकू नका, लेखी उत्तर द्या, त्याला बँकेने उत्तर द्यावंच लागतं. त्या ६० दिवसांत बँकेची लेखी संमती घेऊन स्वतः गिऱ्हाईक शोधून फ्लॅट विकलात तर बहुतेक वेळा लिलावापेक्षा जास्त येतात.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिव्या, धमकी, शेजाऱ्यांना-नातेवाइकांना सांगणं, काहीच चालत नाही. फोन रेकॉर्ड करा, बँकेकडे लेखी तक्रार टाका, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस पोर्टलवर, फुकट आहे, चौकशीला १४४४८ नंबर. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथे जात नाही, ती सहकार खात्याकडे. "उद्या पोलीस येतील" असं म्हणतात त्याला घाबरू नका, पैसे नसल्यामुळे कर्ज थकणं हा गुन्हा नाही. पण दिलेला चेक किंवा ऑटो डेबिट बाउन्स होणं यावर केस होऊ शकते, म्हणून खात्यात पैसे नाहीत हे माहीत असताना नवीन चेक सही करून देऊ नका, कितीही गळ घातली तरी.

पर्सनल लोन आणि कार्डावर शेवटी सेटलमेंटची ऑफर येते, दोन लाखांचे ऐंशी हजार द्या वगैरे. घेऊ शकता, पण रिपोर्टमध्ये "क्लोज्ड" नाही, "सेटल्ड" लागतं आणि ते वर्षानुवर्षं दिसतं. घ्यायचीच तर फोनवरच्या बोलण्यावर एक रुपया भरायचा नाही. आधी बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र, त्यात रक्कम, तारीख आणि "यानंतर काही येणं बाकी नाही" हे वाक्य. पैसे कर्जखात्यातच भरायचे, एजंटच्या यूपीआयवर नाही. भरल्यावर नो ड्यूज घ्या, दीड-दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये बाकी शून्य दिसते का ते बघा, आणि ते पत्र जपून ठेवा, कारण अशी खाती बँका पुढे दुसऱ्या कंपन्यांना विकतात आणि चार वर्षांनी कुणीतरी भलताच माणूस तेच पैसे मागायला फोन करतो.